एकसुई

निळा रबरी पट्टा मध्यावर ताणून ताणून पांढुरका पडला होता, आणि तेवढ्याच पांढुरक्या भागावरून ती अंगठा फिरवत बसली होती — सात वाजून गेले होते, ट्रेमध्ये नळ्या रांगेत लावून झाल्या होत्या, पहिल्या वॉर्डात जायला उशीर होत होता, आणि तरी अंगठा थांबत नव्हता. एवढीशी वस्तू. दंडावर आवळायची, शीर फुगली की सुई घालायची, रक्त आलं की सोडायची. फार तर एक मिनिट. तिनेच किती नव्या मुलींना यावरून दटावलं होतं — मिनिटात शीर मिळाली नाही तर पट्टा सोडा, थांबा, दुसरा हात बघा. दंड आवळून ठेवलात तर रक्त तिथंच दाटतं आणि कॅल्शियम असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. दुसऱ्याला सांगायला काय जातं.

मंगळवारी पट्टा चार मिनिटं बांधलेला होता. कदाचित पाच... घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं आणि मी ते पाहत होते, पाहत होते आणि सोडत नव्हते.

वॉर्डात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे एकसुई, आणि पाठीमागचं नाव तिला जास्त आवडे. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा टोचायची पाळी तिच्यावर बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा आली होती. हे सगळं वडिलांमुळे. त्यांच्या शेवटच्या आजारात एक जाडसर, घामेजलेली बाई रक्त घ्यायला यायची, आणि एका सकाळी तिने त्यांना सहा वेळा टोचलं होतं. "अगं, माणूस आहे मी, चाळण नाही," असं ते हसत म्हणाले आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या बाईचा तिला इतका राग आला होता की ती हेच काम शिकायला गेली — मी एकदाच टोचीन, आणि माझ्या हाताखालचं माणूस भिंतीकडे तोंड करणार नाही.

सोमवारी ऑपरेशन झालेली बाई पडदे शिवायची. थायरॉइड पूर्ण काढली होती. त्या ग्रंथीच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात, आणि ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या तर दोन-तीन दिवसांनी कॅल्शियम घसरतं — हात वाकडे होतात, घसा आवळतो. कोणाचं घसरणार हे आधीच ओळखता यावं म्हणून तरुण डॉक्टरने एक तक्ता केला होता. ऑपरेशनच्या संध्याकाळचा आकडा, दुसऱ्या सकाळचा आकडा, उतार किती. उतार मोठा असेल तर ठेवून घ्या, नसेल तर कॅल्शियमच्या थोड्या गोळ्या देऊन घरी पाठवा. याहून नेमकी तपासणी या दवाखान्यात होत नव्हती. म्हणून सगळी भिस्त त्या दोन आकड्यांवर, म्हणजे दोन नळ्यांवर, म्हणजे...

म्हणजे माझ्यावर. मंगळवारी तिच्या उजव्या हाताला सलाइन होतं, डाव्या हाताच्या शिरा हरवल्यासारख्या. "मूठ उघडा, मिटा, उघडा," मी म्हणत होते, आणि ती बिचारी शाळेतल्या मुलीसारखी मूठ उघडत-मिटत होती. एकदा सोडून पुन्हा बांधलं असतं तर काय झालं असतं? कदाचित दुसऱ्यांदा टोचावं लागलं असतं. बस, एवढंच. पण पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कौतुकाने बघत होती — हिचा हात कसा हलका आहे बघा — आणि शेवटी बोटाखाली शीर आली, आणि एकाच सुईत नळी भरली. आकडा आला ८.७. आदल्या संध्याकाळी ८.८ होता. उतार नाहीच. दुपारी ती घरी गेली.

काल, गुरुवारी, तिला उचलून आणलं. दोन्ही हातांची बोटं चिमटीत मीठ धरल्यासारखी जुळून वळलेली, श्वास घेताना घशातून शिट्टी.

आज नळ्यांचा ट्रे घेऊन ती वॉर्डात शिरली तेव्हा तरुण डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभा राहून फाइलमध्ये लिहीत होता, आणि बाईची नणंद हातवारे करत होती.

"मी म्हटलंच होतं, गोळ्या घेतल्या नसणार हिने. मशीनवर बसली की हिला जेवणाचीसुद्धा शुद्ध नसते."

"घेतल्या हो वन्सं," खाटेवरून बारीक आवाज आला. "पाकीट आहे ना घरी. बघा तुम्ही."

डॉक्टरने मान वर केली. तो वाईट मुलगा नव्हता. रात्रभर तिथंच बसून असावा, डोळे लाल होते. "ताई, मंगळवार सकाळचं रक्त तुम्हीच घेतलंत ना?"

"हो."

"मग आकड्याचा प्रश्नच नाही," तो म्हणाला, आणि फाइलमध्ये लिहिलं. तिच्या जागेवरून ती अक्षरं सरळ वाचता येत होती — रुग्णाने सूचनांप्रमाणे गोळ्या घेतल्या नाहीत.

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही असेल. पण "तुम्हीच घेतलंत ना" या तीन शब्दांत बावीस वर्षांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाच्या आड ती उभी राहिली. तिला आपली लाज वाटली, खरंच वाटली, आणि तरीही डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं. त्या सुटण्याचीच लाज जास्त. नणंदही पुटपुटत चहाला गेली.

"बसा ना ताई," बाई म्हणाली. उजव्या हातात थेंब थेंब कॅल्शियम जात होतं. डावा तिने आपणहून पुढे केला. "बुधवारी संध्याकाळीच ओठांभोवती मुंग्या आल्या होत्या. मी इथे फोनपण केला. ते म्हणाले, तुमचा आकडा चांगला आहे, काळजी करू नका. मग मला वाटलं, आपल्याच मनाचे खेळ. रात्रभर बोटं चोळत बसले. यांनाही उठवलं नाही."

तिने पट्टा खिशातच ठेवला. नुसत्या बोटांनी शीर चाचपली, सुई घातली — काही आलं नाही. बावीस वर्षांची बोटं, आणि काही आलं नाही. सुई काढली, कापूस दाबला, थांबली.

"दुसऱ्यांदा टोचावं लागेल."

"टोचा की. तुम्ही काय मुद्दाम करता?"

"मंगळवारी मी..."

"मंगळवारी तर किती छान घेतलंत. कळलंसुद्धा नाही मला." बाई हसली; हसताना ओठाचा कोपरा उगीच थरथरला, आणि तिने तो बोटाने दाबून धरला. "तेवढं एकच बरं झालं बघा त्या दिवशी."

दुसऱ्या सुईत नळी भरली. बाईने भिंतीकडे तोंड वळवलं नव्हतं. ती टक लावून नळीकडे पाहत होती, जणू या वेळी आपल्या शरीरावर विश्वास ठेवायचा की नाही, ते त्या नळीलाच ठाऊक होतं.

डॉक्टरच्या खोलीकडे जाणारा बोळ लांब नाही, सतरा-अठरा पावलं. नळी मुठीत कोमट होती. आत तो तक्ता असेल, त्या बाईच्या नावापुढे "गोळ्या घेतल्या नाहीत" असं एव्हाना लिहूनही झालं असेल, आणि पुढची बाई त्याच तक्त्यावरून घरी जाईल. वाक्य तयार होतं: पट्टा चार मिनिटं होता. पाच शब्दसुद्धा नाहीत. कोणाला दुखू नये म्हणून सोडला नाही, असं म्हणता येईल... पण तिला दुखू नये म्हणून, की नाव राहावं म्हणून? दाराशी ती थांबली, आणि काही कारण नसताना ती जाडसर, घामेजलेली बाई आठवली, वडिलांच्या उशाशी वाकलेली. इतकी वर्षं तिला त्या सहा सुयाच दिसत आल्या होत्या. मधलं कधी दिसलंच नव्हतं — ती बाई दर वेळी पट्टा सोडत होती. सोडत होती, घड्याळाकडे बघत थांबत होती, "माफ करा काका" म्हणत होती, आणि मगच पुन्हा बांधत होती. सहाही वेळा. मी तिथेच उभी होते आणि मी ते सगळं पाहिलं होतं.