वॉल्टरचे बाबा

"आडनाव?"

"माहीत नाही."

"बरं, नाव सांगा."

"वॉल्टरचे बाबा."

फोनवरच्या मुलीनं टाइप करणं थांबवलं. "बाई, पेशंट वॉल्टर आहेत की त्यांचे वडील?"

"वॉल्टर कुत्रा आहे."

"कुत्र्यांचं हॉस्पिटल वेगळं, बाई."

"मला कळतं ते. मला माणूस हवाय. सत्तरीच्या पुढचे आहेत. डाव्या कानानं ऐकू येत नाही. छपरांवर कामं करून करून मान भाजलीय, विटेसारखी."

"मानेवरून शोधता येत नाही हो," ती म्हणाली. चिडून नव्हे, वाईट वाटून म्हणाली. मी फोन ठेवला. वाळवंटातल्या आमच्या टूसॉन शहरातलं ते तिसरं हॉस्पिटल होतं.

मी बागेच्या कुंपणाबाहेर उभी होते. सकाळचे सहा वाजायचे होते आणि उजेड आत्ताच डोळ्यांत जात होता. नदीकाठची ही आमची कुत्र्यांची बाग. नदी म्हणजे वाळू. पाणी असतं ते बागेतल्या नळाला आणि लहान मुलांच्या प्लास्टिकच्या निळ्या टबात, त्यात कुत्री बसून राहतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उजाडता उजाडता यायचं आणि आठच्या आत घरी जायचं. आठनंतर फरशीला हाताची मागची बाजू टेकवून सातपर्यंत मोजून बघावं. हात उचलावा लागला तर कुत्र्याचे पाय भाजणार.

बागेला दोन फाटकं आहेत, एकामागे एक, आणि मध्ये न्हाणीघराएवढी जागा. बाहेरच्याची कडी लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, नाहीतर कुत्री थेट रस्त्यावर. म्हणून कुणी आलं की आतून पहिली हाक येते, "मागचं लागलं का?" मग नमस्कार, तोही कुत्र्याला. अकरा वर्षं मी या बागेत येतेय, पण माणसांची नावं विचारायची रीत इथे नाही. मी कनेलाची आई. कनेला म्हणजे दालचिनी. माझी कुत्री रंगानं तशीच होती. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं मी ओफेलिया होते, बागेत त्या नावाची कुणाला गरज पडली नाही.

पहिलं वर्षभर तर मी वॉल्टरच्या बाबांनाच वॉल्टर समजत होते. ते सारखे ओरडायचे ना, "वॉल्टर, खाली बस! वॉल्टर, लाज वाटते का?" मला वाटलं, एकटा माणूस आहे, स्वतःशीच बोलतो. एकदा मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, वॉल्टर," तर माझ्या मांडीवर दोन ओले पंजे आले. ते इतके हसले की थर्मासमधली कॉफी सांडली. "मीच वॉल्टर असतो तर बरं झालं असतं," म्हणाले. "आयतं खायला मिळालं असतं."

चाळीस वर्षं कूलर दुरुस्त करत होते. मे महिना आला की छपरावर चढायचं, गवत बदलायचं, मोटारीला तेल द्यायचं. दुसरं छप्पर, तिसरं छप्पर. बागेतला गळका नळ त्यांनीच नीट केला. खिशात नेहमी बारीक पक्कड असायची. कुठल्याही कुत्र्याच्या पायात सराटा रुतला की मालक आधी त्यांना शोधायचा. मोठाले हात, पण कुत्रं कुंईसुद्धा करायचं नाही. मी बीन्स भरून गुंडाळलेल्या दोन टॉर्टिया न्यायचे, एक माझी, एक त्यांची. मेस्किटच्या झाडाखाली आमचं बाक होतं.

"तुमच्या दोघांचं कुत्र्यांनीच जुळवलंय," पिकल्सची आई म्हणायची. ही तिशीतली पोरगी, दोन्ही दंडांवर गोंदवलेलं, आवाज भोंग्यासारखा.

"उजव्या बाजूनं बोल, पोरी," ते म्हणायचे. "चांगलं काही असेल तर डाव्या कानाला ऐकू येत नाही."

दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या कूलरचं गवत मीच बदलून देतो की. घर कुठंय तुमचं?"

मी म्हटलं, "माझा पुतण्या करतो."

माझा पुतण्या डेन्व्हरला असतो आणि त्याला शिडीची भीती वाटते. का म्हटलं असेन मी तसं? घरात पसारा होता म्हणून. सकाळी केस नीट विंचरलेले नव्हते म्हणून. एवढ्या उतरत्या वयात परका पुरुष छपरावर चढला की गल्लीतले काय म्हणतील म्हणून. ते "बरं बरं" म्हणाले आणि नळाला बादली लावायला उठले.

या मार्चमध्ये कनेला गेली. आठवडाभर मी घरीच होते. मग पायांना राहवेना. कुत्र्यांच्या बागेत कुत्र्याशिवाय बसलेलं माणूस बरं दिसत नाही, म्हणून फिरायला आल्यासारखी कुंपणाबाहेरून चालत होते. ते आतून बघत होते. दोन्ही फाटकं नीट लावत बाहेर आले आणि वॉल्टरची दोरी माझ्या हातात दिली. "हे धरा जरा. माझा खांदा दुखतोय."

खांद्याला काही झालेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून रोज सकाळी ते गाडीपाशी दोरी हातात घेऊन माझी वाट बघत उभे असायचे. मी धरायचे आणि आम्ही तिघं आत जायचो.

आणि आता नऊ दिवस ते आले नव्हते.

"माणूस सापडत नाही ना?" पिकल्सची आई फाटकापाशी येऊन म्हणाली. "मग कुत्रा शोधा. कुत्र्याचं नाव तर माहितीय."

तिनंच तिच्या फोनवरून प्राण्यांच्या निवाऱ्यात फोन लावला. "काळा-पांढरा, मोठा, उजवा कान दुमडलेला, नाव वॉल्टर." एक मिनिट लागलं नाही. हो, आहे. गेल्या मंगळवारी आणलाय.

पिकल्सच्या आईनं फोन ठेवला. पिकल्सला गाडीत टाकलं आणि मलाही बसवलं.

निवाऱ्यात काउंटरवर चष्मा लावलेली मुलगी होती. तिनं स्क्रीनवर बघितलं, मग माझ्याकडे. "मालक वारले," ती हळू म्हणाली. "घरीच, खुर्चीत. शेजाऱ्यांनी तीन दिवसांनी कळवलं. कुत्रा वाचला तो कूलरमुळे म्हणायचा, चालू होता ना. मागच्या अंगणात कूलरचं पाणी ठिबकत होतं, तेच पीत होता."

माझ्या डोक्यात काहीतरी भलतंच आलं, की त्यांचा कूलर कधी बंद पडायचाच नाही.

"तुम्ही त्यांच्या कोण?" तिनं विचारलं.

माझ्याआधी पिकल्सची आई म्हणाली, "ही कनेलाची आई."

ती मुलगी ताडकन उभीच राहिली. "तुम्ही? अहो, आठवडाभर शोधतोय आम्ही तुम्हाला!" तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. वॉल्टरच्या नोंदणीच्या कागदावर खाली एक रकाना होता, मालकाला काही झाल्यास कुणाला कळवायचं. त्यात लिहिलं होतं, "कनेलाची आई." फोनची जागा रिकामी. पत्त्यापुढे, "बाग. सकाळी सहाच्या आत. कॉफी लागत नाही, टॉर्टिया स्वतः आणतात."

"आम्हाला वाटलं, कनेला ही त्यांची मुलगी," ती म्हणाली. "बाग कुठली ते लिहिलेलं नाही, आणि तशी मुलगी सापडेना; गावात कनेला आडनावाचे मात्र चार जण निघाले. चौघांनाही फोन केले. एक जण तर रागावलाच."

मी हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले.

"पण मला काहीतरी पुरावा लागेल," ती ओशाळून म्हणाली. "तुम्ही कनेलाचीच आई आहात याचा."

मी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. मार्चपासून त्यात कनेलाच्या पट्ट्याचा बिल्ला अडकवलेला होता, हाडाच्या आकाराचा, घासून घासून गुळगुळीत झालेला. तिनं तो चष्म्याजवळ नेऊन वाचला, काढून न घेता तसाच परत दिला आणि कागद पुढे सरकवला. वर मालकाचं नाव छापलेलं होतं. एमेट हॉलोवे.

एमेट. मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. बसेना. कुणा भल्या माणसाचं नाव होतं ते, पण माझ्या बाकावर बसणाऱ्याचं नव्हतं.

"इथे तुमचं नाव लिहा."

ओफेलिया बुस्तामांते, मी लिहिलं.

पिकल्सची आई वाकून वाचत होती. "ओफेलिया?" ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

"खरंय." मग आपल्या नेहमीच्या भोंग्यापेक्षा पुष्कळ हळू म्हणाली, "मी ट्रिशा."

वॉल्टरला आणलं तेव्हा तो आधी माझ्या हातांचा वास घेत राहिला, मग माझ्या मागे जाऊन दाराकडे बघून आला. पुन्हा एकदा जाऊन बघून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकच टॉर्टिया करायला घेतली आणि दोन केल्या. वाहनतळावर माझ्या हातात दोरी द्यायला कुणी नव्हतं. ती माझ्याच हातात होती. बाहेरचं फाटक उघडलं, आम्ही दोघं मधल्या जागेत शिरलो. आत निळ्या टबात दोन कुत्री पाणी उडवत होती. वॉल्टर त्यांच्याकडे वळलाही नाही. तो खाली बसला, बाहेरच्या फाटकाकडे तोंड करून, दुमडलेला कान उचलून.

"वॉल्टरची आई!" आतून ट्रिशाची हाक आली. "मागचं लागलं का?"

माझा हात बाहेरच्या फाटकाच्या कडीवर होता, कडी अजून लावली नव्हती. वाहनतळावर ऊन उतरलं होतं. अजून फरशी तापली नव्हती.

"थांब जरा," मी म्हटलं.