गप्प बस, मला आठवतंय

बस डेपोत गाड्यांच्या पाळ्या लावणाऱ्या कंट्रोलरबाईंना मेंदूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. हात हळूहळू सुधारला, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचे. आणि नेमकी तिथेच लेक टपलेली असायची.

"मला ते... बोलतं ना, ते..."

"फोन! हा घे."

फोन नको होता. रेडिओ हवा होता.

लेकीची माया खरी होती, पण मायेपायी तिने आईच्या हातचं सगळंच काढून घेतलं होतं. गोळ्या तीच द्यायची, भाजी तीच चिरायची, आल्यागेल्याशी तीच बोलायची. वर दारात उभी राहून शेजारणीला सांगायची, "आईला आता काही कळत नाही हो." आई तिथेच खुर्चीत! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अर्धे ड्रायव्हर संपावर असतानाही जिने गाड्या सोडल्या, तिला कळत नाही?

दवाखान्यात थेरपिस्टने विचारलं, "आजी, काल संध्याकाळी काय केलंत?"

"टीव्ही पाहिला," लेक म्हणाली.

"मी आजींना विचारलं."

"अहो, तिला नाही आठवत. उगाच डोक्याला ताण कशाला?"

"डोकं चालवायलाच हवं. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, रोज चालायचं, माणसांत बोलायचं. सगळं तुम्हीच केलंत, तर त्यांनी काय करायचं?"

"पण..."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "गप्प बस! मला... आठवतंय. काल मी... भांडले. हिच्याशी. मागितला रेडिओ, आणि ही... फोन देते!"

थेरपिस्टला हसू फुटलं. लेकीचे मात्र डोळे भरून आले.

"मला भीती वाटते गं. पुन्हा झटका आला तर?"

"म्हणून... आत्तापासूनच... जगू नको?"

लेकीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दोघी बसने बाजारात निघाल्या. काय काय आणायचं ते बाईंनी डोक्यातच ठेवायचं, असं ठरलं. कंडक्टरने विचारलं, "कुठे जायचं?" आणि शब्द अडला. मागचा माणूस पुटपुटला, "आटपा लवकर." लेकीचं तोंड उघडलं. बाईंनी असं पाहिलं की ते मिटलं.

"बाजार... बाजारचौक. दोन." मग मागे वळून, "घाई असेल तर... उडत जा."

आख्खी बस हसली. बाई नाही हसल्या. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

बाजारात कांदे, पेरू, दोरा आठवला. साबण विसरला. तो परतीच्या थांब्यावर आठवला. लेक म्हणाली, "राहू दे, मी आणते पटकन."

"तू... इथेच थांब," असं दरडावून बाई पाय ओढत एकट्याच परत गेल्या. बस निघून गेली. लेक चरफडत उन्हात उभी राहिली, पण मागे धावली नाही.