डाव्या बाजूची कुरकुर

मित्रांनो, शेवटी मला पहिला नंबर मिळाला. जुन्या मोटारींच्या स्पर्धेत, ‘सर्वोत्तम मूळ अंतर्भाग’ या गटात. परीक्षकांनी माझ्यावरून पांढरा रुमाल फिरवला, रुमाल पांढराच राहिला आणि टाळ्या झाल्या. आता हे सगळं विसरून जा. असं काही घडलंच नाही, असं धरून मी पहिल्यापासून सांगते.

मी एका जुन्या मोटारीची मागची सीट आहे. मोटार फार देखणी आहे म्हणतात. मी तिला बाहेरून कधी पाहिलेलं नाही. सीटच्या नशिबात छत असतं, आणि छताच्या अलीकडे येऊन जे टेकतं ते. त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण लहान मुलं ऐकत आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंगा, त्यांवर तरट, तरटावर घोड्याचे केस आणि वरून कुठल्याशा जनावराचं तपकिरी चामडं. दोन्ही जनावरांना मोटारीत बसायची हौस होती असं वाटत नाही, पण त्यांना कोणी विचारलं नसावं. मलाही नाही विचारलं.

माझ्या मालकांचं चष्म्यांचं दुकान होतं. अख्ख्या गावाला नीट दिसावं म्हणून ते दिवसभर झटत आणि स्वतः मात्र बायकोचं ऐकत नसत. सुरुवातीला बाई पुढे, त्यांच्या शेजारीच बसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, “अहो, डावीकडे वळा.” मालक उजवीकडे वळले आणि सरळ एका कुंभाराच्या अंगणात शिरले. माठ फुटले. मालक म्हणाले, “गाडी तू चालवतेस की मी?”

“तुम्हीच चालवा,” बाई म्हणाल्या. त्या उतरल्या, मागचं दार उघडून माझ्या डाव्या बाजूला बसल्या आणि पुन्हा पुढे म्हणून गेल्या नाहीत.

मालकांना वाटलं, चार दिवसांत राग जाईल. राग गेला, पण बाई मागेच राहिल्या. त्यांना तिथे ऐसपैस वाटायचं. वळायचं असलं की छत्रीची मूठ पुढच्या सीटच्या पाठीवर वाजवायच्या, डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा. नव्या शेजारणीने एकदा विचारलं, “बाई, ड्रायव्हर बरा मिळालाय हो तुम्हाला. कायमचा आहे का?”

“काय सांगू,” बाई म्हणाल्या, “काढताच येत नाही.”

मालकांनी ऐकलं आणि सबंध रस्ताभर एकटेच हसत राहिले.

वर्षं गेली तशी माझी डावी बाजू खचली. तिथे बाईंच्या मापाचा खळगा पडला आणि त्याच्या तळाची एक स्प्रिंग कुरकुरायला लागली. बाई बसल्या की ‘कुईं’ व्हायचं. मालक मागे वळून बघायचे नाहीत. कुईं ऐकलं की गाडी सुरू करायचे. मित्रांनो, हा माझा सुवर्णकाळ होता. मोटारीत इंजिन होतं, दिवे होते, हॉर्न होता, पण माझ्याशिवाय ती जागची हलत नव्हती.

या पद्धतीत एकच चूक झाली. बाईंनी दुरुस्तीला न्यायचं शिवणाचं मशीन माझ्या डाव्या बाजूला ठेवलं आणि घराला कुलूप लावायला वळल्या. कुईं झालं. मालक निघाले. वाटेत त्यांनी पाहुण्यांची उणीदुणी काढली, दुकानातल्या पोऱ्याबद्दल तक्रार केली आणि शेवटी, फार हळू आवाजात, त्या माठांबद्दल माफीसुद्धा मागितली. मशीनने सगळं ऐकून घेतलं. दुरुस्तीवाल्याकडे पोचून मागचं दार उघडल्यावर प्रकार उघडकीला आला.

परत आले तेव्हा बाई फाटकात छत्री घेऊन उभ्या होत्या. “काय म्हणालं मशीन?”

“काही नाही. तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकतं.”

“मग त्यालाच घेऊन जात जा.”

माफीबद्दल मालक काहीच बोलले नाहीत. ती फक्त मला आणि मशीनला माहीत आहे.

पुढे बाई आजारी पडल्या. एकदा मालकांनी त्यांना उचलून माझ्यावर ठेवलं, तेव्हा कुईं इतकं बारीक झालं की मालकांना पहिल्यांदाच मागे वळून बघावं लागलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मोटारीवर ताडपत्री पडली. एक उंदीर माझ्यात राहायला आला. मला बरं वाटलं, पण तोही कंटाळून गेला. दर रविवारी मालक ताडपत्री वर करून पुढे बसायचे, किल्ली लावायचे आणि थांबायचे. मागून आवाज येत नसे. मग किल्ली काढून घरात जायचे. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. पण कोणी बसल्याशिवाय सीटला बोलता येत नाही.

मग त्यांच्या मुलीने मनावर घेतलं. “बाबा, गाडी अशी सडू द्यायची नाही. आतून सगळी मूळची करून घेऊ.” तिने सीटवाल्याला बोलावलं. तो आपल्या कामात वाकबगार होता. मालक त्याला एकच वाक्य म्हणाले, “होती तशी करून द्या.”

“काळजीच सोडा, साहेब. अगदी होती तशी!”

दोघांनी हात मिळवले. दोघांचंही एकमत झालं होतं, फक्त ते दोन वेगवेगळ्या सीटांबद्दल होतं. सीटवाला माझ्या जन्मदिवसाबद्दल बोलत होता.

त्याने मला उसवलं. माझ्या पोटातून एक केसाची पिन, पेपरमिंटचे कागद आणि छत्रीचं टोक निघालं. स्प्रिंगा बदलल्या, नवे केस भरले, चामडं ताणून शिवलं. मी इतकी टणक आणि गुळगुळीत झाले की मलाच मी परकी वाटू लागले.

मालक पुढे बसले. मुलगी मागे, डावीकडे बसली. मालक थांबले. बराच वेळ थांबले.

“बसलीस का गं?”

“केव्हाची बसलेय, बाबा!”

“आवाज नाही आला.”

“येणारच नाही, साहेब,” सीटवाला खिडकीतून हसून म्हणाला. “आता जन्मात कुरकुर नाही!”

मालक खाली उतरले. “जुनी स्प्रिंग कुठेय?”

“ती होय? भंगारात गेली की.”

मालक म्हणाले, “काम छान झालंय.” खरंच छान झालं होतं. रागवायला कोणी उरलंच नाही, म्हणून ते घरात गेले.

नंतर त्यांनी स्वतः येऊन डावीकडे बसून पाहिलं. पण त्यांचं वजन आता फारसं राहिलेलं नाही. मग एका रविवारी ते धापा टाकत शिवणाचं मशीन घेऊन आले आणि माझ्या डाव्या बाजूला ठेवलं. पुढे जाऊन बसले. काहीच वाजलं नाही. तेवढ्यात मुलगी धावत आली. “बाबा! चामड्याला चरा पडेल ना!” तिने मशीन उचललं. तेव्हापासून माझ्यावर प्लॅस्टिक आहे, प्लॅस्टिकवर ‘कृपया बसू नये’ अशी पाटी आहे आणि पाटीशेजारी ते न मिळालेलं बक्षीस आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा. फक्त आधी विचारा, की नक्की काय बिघडलंय.

बाकी माझी मागणी मी योग्य मार्गाने मांडत आहे.

प्रति, मा. संबंधित अधिकारी. विषय : डाव्या बाजूची कुरकुर परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदार सीटच्या डाव्या बाजूचा खळगा, त्यातील वाजणाऱ्या स्प्रिंगेसह आणि शक्य झाल्यास त्यात बसणाऱ्या बाईंसह, होता त्या स्थितीत पूर्ववत करण्यात यावा. पुढील सीटवर एक गृहस्थ किल्ली लावून थांबले असल्याने प्रकरण तातडीचे समजावे.

आपली विश्वासू,
मागची सीट