शर्मिलाबाईंनी तोंड मिटलं

येरवड्याच्या पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या शर्मिलाबाई बोलायला लागल्या की मागची रांग खोळंबायची. त्यांची मुलगी आम्रपाली मात्र मुखदुर्बळ. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा असो की दुकानात मापाची चप्पल मागायची असो, पोरगी अडखळायच्या आत आई बोलून मोकळी. यालाच त्या माया म्हणत.

मग बारावीच्या नोटीस बोर्डावर आम्रपालीचं नाव लागलं: हजेरी कमी, बोर्डाला बसता येणार नाही. एक दिवस कॉलेज न चुकवणारी पोरगी! खोदून खोदून विचारल्यावर कळलं, आणि शर्मिलाबाईंनी कपाळावर हात मारला. नंबर पुकारला की साठ जणांसमोर ‘प्रेझेंट’ म्हणायला तिचा आवाजच फुटत नसे. वर्गात बसून बाईसाहेब चार महिने गैरहजर.

कॉलेजच्या समुपदेशक पूर्णिमाताईंनी समजावलं, "या वयात मेंदूतली भीतीची घंटा फार जोरात वाजते. कुणी नुसतं बघितलं तरी पुरतं. ती घंटा आवरणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि तो सरावानं घडतो. तिच्या वाटचं तुम्ही बोललात की तिचा सराव बुडतो."

शर्मिलाबाईंना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी उपप्राचार्य साईनाथ सरांसमोर उभ्या होत्या. आम्रपालीच्या वर्गाला जीवशास्त्रही तेच शिकवत.

"चार महिने कुठे होता आपण?" सरांनी विचारलं.

आम्रपालीचे कान लाल झाले.

"आईंनी तरी सांगावं. की घरात सगळ्यांचंच मौनव्रत आहे?"

शर्मिलाबाईंच्या जिभेवर पाच वाक्यं तयार होती. त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले. पोरीचं वर्ष जातंय आणि आपण गप्प, या विचारानं त्यांना रडू यायला लागलं.

"वर्गातच होते सर," आम्रपाली पुटपुटली. "नंबर आला की आवाज निघत नाही."

"पुरावा?"

"मंगळवारी तुम्ही हृदयाची आकृती काढलीत. फुप्फुसाकडून येणाऱ्या रक्ताचा बाण... उलटा काढलात."

सरांनी चष्मा काढला. मनात आकृती काढून बघितली असावी.

"साठ जणांत एकानंही सांगितलं नाही," ते म्हणाले. "ठीक. हजेरी मी दुरुस्त करतो. उद्यापासून नंबर आला की हात वर कर. बोलली नाहीस तरी चालेल."

शर्मिलाबाईंचा जीव भांड्यात पडला. आम्रपाली मात्र दाराशी थांबली.

"हात नको सर," ती म्हणाली. "बोलूनच बघते. थोडा वेळ लागला तर पुढचा नंबर घेऊ नका."