बावीस पावलांचा अहवाल

खुब्याचं ऑपरेशन करून भिकन साळवे घरी आले, तेव्हा त्यांच्या आधीच एक यंत्र घरात येऊन बसलं होतं. पुण्याहून मुलानं, संघर्षनं, पाठवलेलं. पायात बांधायचा पट्टा, बोलणारा टॅबलेट आणि कॅमेरा. बसवायला आलेल्या माणसाला कॅमेऱ्यासाठी नेमका बाबासाहेबांच्या तसबिरीचा खिळा पसंत पडला. अँगल चांगला मिळतो म्हणाला. भिकनरावांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. तेव्हापासून कंपनीला आडगावच्या या घराचं दर्शन फ्रिजच्या डोक्यावरून घडत होतं.

अट साधी होती. महिनाभरात यंत्रानं चालण्याला दिलेले गुण साठच्या वर गेले, तर पप्पांनी इथंच एकटं राहायचं. नाही गेले, तर पुण्याला, अकराव्या मजल्यावर. "तिथं लिफ्ट आहे," असं संघर्षनं सांगितलं होतं. जणू भिकनरावांनी जन्मभर लिफ्टचाच ध्यास घेतला होता.

तीन आठवडे झाले. गुण चौतीस.

भिकनराव रोज वॉकर धरून हॉलमधून स्वयंपाकघरात जात, परत येत, घाम पुसत. टॅबलेटमधली बाई गोड आवाजात म्हणे, "छान! आज आपण सहा पावले चाललात."

"आपण? तू कधी चाललीस?" भिकनराव विचारत. तेवढं तिला शिकवलेलं नव्हतं.

शेजारच्या लताबाई डबा द्यायला आल्या आणि त्यांनी तोडगा काढला. "भाऊ, तो पट्टा माझ्या पायात बांधा. दळण टाकून येते. साठ काय, ऐंशी होतील."

"ओझरला एकतीस वर्षं विमानाचे भाग तपासले, लताबाई. खोटा शिक्का एकदाही मारला नाही. आता फ्रिजपुढं मारू?"

"मग बसा जाऊन अकराव्या मजल्यावर."

भिकनराव बसले नाहीत. त्यांनी खडू मागवला. "तीन आठवडे यानं मला तपासलं. आता मी याला तपासतो."

फरशीवर दोन रेघा मारल्या. मोजायला लताबाई, कारण आपलं मोजमाप आपणच घ्यायचं नसतं. पाच फेऱ्या झाल्या. लताबाईंचा आकडा दर वेळी बावीस. यंत्राचा सहा, नऊ, चार, सात आणि एकदा चक्क शून्य. मग पट्टा लताबाईंच्या पायात बांधला आणि त्यांना मोजून बावीस पावलं टाकायला लावली. बावीसला बावीस.

"अरे वा, मला ओळखतंय!" लताबाई म्हणाल्या.

"तुमचा पाय उचलतो. माझा घासतो. घासलेलं पाऊल हे धरतच नाही."

रविवारी व्हिडिओ कॉल झाला. एका चौकटीत संघर्ष, दुसरीत कंपनीची फिजिओथेरपिस्ट हर्षाली. भिकनरावांनी चष्मा लावून अहवाल वाचला, तारखेसकट.

"पप्पा, मशीन कशाला खोटं बोलेल?"

"खोटं बोलत नाही. त्याला धडधाकट माणसाचं चालणं कळतं. माझं कळत नाही. पाठवलंय मात्र माझ्याकडं."

हर्षाली जरा घुटमळली. "काका, वॉकरवाल्यांच्या बाबतीत आकडा कमी येतो, हे खरंय. आम्ही वर कळवलंय."

"वर म्हणजे अकराव्या मजल्यावर?"

"पप्पा, विषय बदलू नका," संघर्ष म्हणाला. "मी शनिवारी गाडी घेऊन येतोय. तुम्हाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, हे तरी खरं ना?"

भिकनरावांनी पट्टा सोडला, टॅबलेटला गुंडाळला आणि त्यावर लाल कागदाची चिठ्ठी अडकवली. कारखान्यात नापास भागाला अडकवायचे तशी. मग कॉल चालू असलेला फोन लताबाईंच्या हातात दिला आणि वॉकर दाराकडं वळवला.

"हा कॅमेरा हातात धरा. माझ्या मागून या. आणि संघर्ष, तू मोज."

"काका, थांबा, डॉक्टरांनी..." हर्षाली म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगितलंय, कुणाला तरी सोबत घेऊन चाला. या आहेत ना."

उंबरा. ओटा. मग गल्ली. मागं घरात टॅबलेटमधली बाई सांगत होती, "व्यक्ती दिसत नाही. कृपया कॅमेऱ्यासमोर उभे राहा." तिचं ऐकायला घरात कुणी नव्हतं.

संघर्ष आधी रागानं मोजत होता. चाळिशीच्या पुढं आवाज उतरला. साठाला तो क्षणभर थांबला आणि पुन्हा मोजू लागला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी भिकनरावांनी बाकडं धरलं, आधी चांगला पाय टेकवला आणि सावकाश बसले.

"नव्वद," पुण्याहून आवाज आला.

"एक्क्याण्णव. उंबऱ्यावरचं धरलं नाहीस."

"बरं, एक्क्याण्णव." संघर्षनं दुरुस्ती केली. "आता परत कसे जाणार, पप्पा?"

"आधी चहा. मग घरी," भिकनराव म्हणाले. "आणि पहिल्यापासून नीट मोज. शनिवारी गाडीत माझं सामान नाही, ते यंत्र न्यायचंय."