सहा वाजताचं पाणी

चहाचा ट्रे ठेवायला टेबलावर जागाच नव्हती. खाडीचा नकाशा सगळं टेबल व्यापून पसरला होता आणि त्याचे गुंडाळू पाहणारे कोपरे दाबून धरायला आप्पासाहेबांनी हाताला लागेल ते ठेवलं होतं. अडकित्ता, चष्म्याचं घर, पितळी गडवा आणि चक्क देवघरातली घंटा. विजयमालाबाईंनी ट्रे एका हातावर तोलला, दुसऱ्या हाताने घंटा उचलून पदराने पुसली आणि तिच्या जागी साखरेचा डबा ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. सोमवार होता. सोमवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे.

"सकाळी सहा," आप्पासाहेब म्हणाले. "सहाला सगळ्यांनी धक्क्यावर हजर. होड्या उतरवून तयार."

श्यामसुंदरने चहाचा कप उचलता उचलता खाली ठेवला. तो शिडाच्या होड्यांच्या क्लबचा चिटणीस. पेशाने वकील, त्यामुळे समोरच्याला पुरतं बोलू देऊन मग पकडायची सवय.

"सहा म्हणजे सकाळचे सहा?"

"उजाडताना."

"आप्पासाहेब, बंदरखात्याचं कोष्टक माझ्या खिशात आहे. त्या दिवशी उजाडताना खाडीत पाणी नाही. पाणी अकराच्या पुढे. सहाला नुसता चिखल."

"पाणी येतं," आप्पासाहेब म्हणाले.

"येतं हो! पण अकराला येतं. तोवर शिडं लावून काय बघत बसायचं? चिखलातच शर्यत घ्यायची असेल तर होड्या कशाला, म्हशी नेऊ."

स्वतःच्याच बोलण्यावर श्यामसुंदर हसला. तिसरा माणूस, इम्तियाज, हसला नाही. भवानी पेठेत त्याची लाकडाची वखार होती. क्लबच्या निम्म्या होड्या त्याच्या वडिलांनी, शमशुद्दीनचाचांनी बांधलेल्या. तो कपातल्या चहाकडे असा बघत राहिला, जणू त्यात काही पडलं आहे.

खरं तर ही सगळी कल्पना आप्पासाहेबांचीच. खडकवासल्याच्या पाण्यावर क्लबचे सगळे रविवार गेले होते. धरणाचं पाणी शहाणं; पाऊस झाला की चढतं, कालव्याला सोडलं की उतरतं, आणि तेही आधी सांगून. पण दिवसातून दोनदा घर सोडून जाणारं आणि दोनदा परत येणारं पाणी मंडळींनी कधी हाताळलंच नव्हतं. म्हणून होड्या ट्रकवर चढवायच्या, घाट उतरायचा आणि कोकणातल्या एका खाडीत मेळावा भरवायचा, असं त्यांनी दिवाळीत मांडलं. खाडी निवडली ती विजयमालाबाईंच्या आजोळची. दिवस माघातल्या अमावास्येचा रविवार.

विजयमालाबाई दाराशी उभ्या राहिल्या. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला खाडी तुडुंब, आणि त्याच्या सहा तास आधी रिती. हा हिशोब आजीचा. आजी ओहोटी बघून देवीला जायची आणि पाणी वळायच्या आत घरी यायची. लग्नानंतर त्यांनी तो सहज बोलता बोलता सांगितला तेव्हा पाटबंधारे खात्यातल्या या माणसाने पेन्सिल घेऊन तो पडताळून पाहिला होता आणि म्हणाला होता, "आजीबाईंना आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं." तोच माणूस आज कोष्टक समोर असताना सहा म्हणत होता.

अंगठा शेवटच्या पेरावर थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"सहा," आप्पासाहेब पुन्हा म्हणाले आणि नकाशा गुंडाळायला लागले. साखरेचा डबा कलंडला. थोडी साखर खाडीच्या मुखाशी सांडली.

श्यामसुंदर निघाला तेव्हा विजयमालाबाई फाटकापर्यंत गेल्या. आप्पासाहेब आणि इम्तियाज मागच्या अंगणात होते. श्यामसुंदरने आवाज खाली आणला.

"वहिनी, एक विचारू? तुमचं मौन आहे, मला माहीत आहे. नुसती मान हलवलीत तरी चालेल. आप्पासाहेबांची तब्येत बरी आहे ना?"

त्यांनी मान हलवली नाही. फाटकाची कडी तेवढी लावून घेतली.

कारण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गेला महिनाभर घरात काहीतरी जागचं हललं होतं. साठी उलटेपर्यंत देवघराच्या उंबऱ्याशी चपलासकट उभं राहून "चालू द्या तुमचं खातं" म्हणणारा माणूस अलीकडे पूजेच्या वेळी चपला काढून दाराशी येऊन थांबायचा. काही बोलायचा नाही, नुसता उभा. एकदा जेवताना मध्येच विचारलं, "नारळ खाऱ्या पाण्यात बुडतो की तरंगतो?" पाण्यात जन्म घालवलेल्या माणसाने विचारायचा हा प्रश्न? आणि मागच्या आठवड्यात तर कहर. शेवंतीच्या वाफ्यात त्यांनी नळी सोडली, सगळा वाफा गुडघाभर चिखल करून ठेवला, त्यावर इम्तियाजकडून आणलेल्या लांब फळ्या टाकल्या आणि धोतर खोचून अनवाणी त्यावरून येरझाऱ्या घालत बसले. शेजारच्या सोजरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय ओ, आप्पासाहेब सर्कशीत जायचं म्हनतात का काय?" विजयमालाबाई हसल्या होत्या, पण हसू ओठांवरच राहिलं.

त्यांना दत्तोबा आठवले होते. आप्पासाहेबांचे थोरले भाऊ. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी विचित्र प्रश्न, मग घड्याळाच्या चुका, मग एक दिवस हडपसरच्या स्टँडवर कंडक्टरला विचारत बसले होते, माझं गाव कोणतं.

संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले. मौन सुटलं की पहिला शब्द देवाचा, हा त्यांचा नेम. आज देवाचं नाव घेतलं ते घाईने, आणि टेलिफोनपाशी गेल्या. आप्पासाहेब फिरायला गेले होते.

"श्यामसुंदरभाऊजी, मी बोलतेय. वेळ तुम्हीच बदला. ह्यांच्याकडून नका बदलून घेऊ, भांडण होईल. तुम्ही आपलं अकरा ठरलं म्हणून सांगा."

"म्हणजे माझी शंका..."

"अलीकडे विसरतात जरा."

बोलून झालं आणि त्यांना वाटलं, हे वाक्य घरात कुणीतरी दुसरंच बोललं.

श्यामसुंदर म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण मग पहिली होडी त्यांच्याकडे देता येणार नाही. धरणात ठीक होतं. खाडीत पाणी फिरलं आणि ह्यांना सुचलं नाही, तर मागच्या सगळ्या होड्या त्यांच्यामागे जातील."

क्लब निघाल्यापासून पहिली होडी आप्पासाहेबांची. बाकीच्यांनी त्यांचं शीड बघून आपलं शीड वळवायचं.

"बरं," विजयमालाबाई म्हणाल्या.

श्यामसुंदरचा फोन दोन दिवसांनी आला. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. बाहेरचं एका बाजूचंच ऐकू येत होतं.

"बोल... अकरा. बरं... कुणी? तू पुढे राहतोस? बरं. नाही, नाही, राग कसला. बरं."

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. पावलांचा आला नाही. त्या हात पुसत बाहेर गेल्या तर आप्पासाहेब टेलिफोनवर हात ठेवून तसेच उभे होते.

"काय म्हणाले भाऊजी?"

"काही नाही. मेळावा अकराला ठरला." मग जरा वेळाने, "बरोबरच आहे. पाणी तेव्हाच असतं."

त्यांना वाटलं होतं ते तणतणतील, श्यामसुंदरला दोन शेलके शब्द ऐकवतील, निदान कोष्टकाला तरी नावं ठेवतील. ते अंगणात गेले, सुकलेल्या वाफ्यातल्या फळ्या एकेक करून उचलल्या, भिंतीला टेकवल्या आणि शेवंतीची माती पुन्हा नीट करत बसले. रात्री जेवताना म्हणाले, "इम्तियाजला सांगायला हवं, फळ्या घेऊन जा म्हणून. उगाच अडगळ."

विजयमालाबाईंनी त्यांच्या चेहऱ्यात विसराळूपणा शोधला. दत्तोबांच्या डोळ्यांत शेवटी शेवटी धुकं असायचं. इथे धुकं नव्हतं. इथे काय होतं ते त्यांना कळेना. शेवटी त्या उठून कपात आपला कोरा चहा ओतायला गेल्या. त्यांच्या चहात साखर नसे. त्यांची लेक शालू लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा त्यांनी ती सोडली. शालू बरी झाली, मोठी झाली, लग्न होऊन हडपसरला नांदायला गेली, पण तेव्हा देवीला बोललेलं फिटायचं राहिलं म्हणून साखरही राहिली. का राहिली हे घरात आता कुणी विचारत नसे.

पुढच्या सोमवारी दुपारी फाटकाशी टेम्पो थांबला. इम्तियाज एकटाच आला होता. आप्पासाहेब पोस्टात गेले होते.

"वहिनी, सलाम. फळ्या न्यायला आलो." त्यांनी बोट ओठांकडे नेताच तो म्हणाला, "हां हां, सोमवार. तुम्ही राहू द्या, मी बोलतो."

त्याने पहिली फळी टेम्पोत चढवली, दुसरीही चढवली. तिसरी उचलता उचलता थांबला आणि ती अंगणात आडवी ठेवली.

"एकदा उभ्या राहता का हिच्यावर? मेहनत घेतली आहे हो. आप्पासाहेबांना हलकी फळी पसंत पडेना. म्हणाले, तिच्या पायाखाली लवता कामा नये. आता काही उपयोग नाही, पण मला तरी कळू दे, जमली होती का."

विजयमालाबाईंनी खाली पाहिलं. फळीवर हातभर अंतराने काथ्याच्या पट्ट्या खिळ्यांनी मारल्या होत्या, ओला पाय घसरू नये म्हणून. त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीचा आधार घेत, दुखरा गुडघा सांभाळत फळीवर पाय ठेवला. मग दुसरा. फळी लवली नाही.

"बघा!" इम्तियाज खूष झाला. मग त्यांचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, वेळ बदलल्यावर तरी ते बोलले असतील."

त्यांनी मान हलवली. नाही.

"तुमच्या देवीचा खडक. आजोळचा. मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो म्हणे, आणि मधे सगळा चिखल. मी म्हणालो, खुर्चीत बसवून चार माणसं उचलून नेऊ वहिनींना. तर माझ्यावर ओरडले. म्हणाले, जो नवस बोलतो त्याने पायांनी जायचं असतं, एवढं मलाही कळतं." तो हसला. "मी म्हटलं, मग मंडळींना सरळ सांगा ना. नाही म्हणाले. जन्मभर सगळ्यांच्या देवांची थट्टा केली, आता कुठल्या तोंडाने सांगू? सहाला सगळे जमतील, पाणी नसेल, मी चुकलो म्हणून हसतील. हसू देत. पाणी येईपर्यंत कुणाला काही काम नसेल. फळ्या टाकायला हात मिळतील. तेवढ्यात तिची ओटी भरून होईल."

विजयमालाबाई फळीवर तशाच उभ्या होत्या. काथ्या तळव्यांना टोचत होता. डाव्या हाताचा अंगठा पेरांवर चढला आणि काहीच न मोजता थांबला.

"पण ते श्यामसुंदरसाहेबांना कुणीतरी सांगितलं म्हणे, आप्पासाहेब विसरायला लागलेत. क्लबात सगळ्यांच्या तोंडी तेच. मी तर सांगत होतो, अहो..." इम्तियाज बोलायचा थांबला, कारण त्या फळीवरून उतरून घरात चालू लागल्या होत्या.

ऊन अंगणाच्या मध्यावर होतं. देवघरातली समई कोरडी होती. तिच्यात तेल घालायला अजून पुष्कळ अवकाश होता. देवघराच्या दाराशी त्या क्षणभर उभ्या राहिल्या, जसे आप्पासाहेब उभे राहायचे. मग टेलिफोनपाशी गेल्या. चकती फिरवली.

"श्यामसुंदरभाऊजी."

इतक्या वेळाच्या गप्पपणाने आवाज घोगरा झाला होता.

"कोण? वहिनी?" पलीकडून धसकल्यासारखं आलं. "अहो, आज सोमवार ना? काय झालं? आप्पासाहेब बरे आहेत ना?"

"बरे आहेत. सोमवारच आहे. ऐका. ते काही विसरत नाहीत. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पहिली होडी त्यांचीच राहू दे."

"बरं... पण वहिनी..."

"आणि वेळ सहाची."

"सहाला चिखल असतो हो!"

"मला चिखलच हवाय, भाऊजी. माझं काम आहे तिथे, देवीचं. तुमच्या होड्या मग अकराला सोडा. कुणाला हसायचं असेल तर मला हसू दे."

बाहेर फाटकाची कडी वाजली होती, ती त्यांनी ऐकली नाही. आप्पासाहेब पोस्टातून आलेले अंगणात थबकले होते. घरातून, भर दुपारी, सोमवारी, बायकोचा आवाज येत होता. त्यांनी वर उन्हाकडे पाहिलं, मग इम्तियाजकडे. इम्तियाजने खांदे उडवले आणि टेम्पोत चढवलेल्या दोन फळ्यांपैकी वरची फळी बाहेर ओढायला लागला.

आप्पासाहेबांनी पायरीशी चपला काढल्या. परत आले आणि फळीचं दुसरं टोक धरलं.

"सावकाश," ते म्हणाले. "काथ्या निघेल."