पुसता न येणारा फळा

सदाशिव गुरुजींना माझ्यापासून मिळण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पेडण्याला बदली. गावी म्हातारी आई, दारात काजूची चार झाडे, आणि इकडे डिचोली तालुक्यात भाड्याच्या खोलीत काढलेली नऊ वर्षे. त्यांचा हिशेब चुकला असे मी म्हणणार नाही. तो अगदी बरोबर निघाला.

मित्रांनो, मी फळा. फणसाच्या तीन फळ्या जोडून रामचंद्र मेस्तांनी मला घडवले आणि खाणीच्या रस्त्यालगतच्या एका वाडीवरच्या शाळेत आणून टेकवले. दर जूनला मुले कोळसा आणि बॅटरीच्या जुन्या सेलांतली भुकटी कुटून मला काळा करीत. खोली एक, इयत्ता चार, फळा एक. म्हणून माझे चार वाटे पडले होते. पहिलीच्या वाट्याला डावीकडचा खालचा कोपरा, कारण त्यांचा हात तेवढाच पोचे.

सकाळी लिहिलेले संध्याकाळी पुसले जाई. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. कोंकणी की मराठी यावरून मोठी माणसे भांडत होती, तेव्हाच्या घोषणाही कोणी माझ्यावर लिहून गेले. गुरुजींच्या जोडीला शिकवणाऱ्या कमलाक्षी बाईंनी त्या पुसल्या आणि बाराचा पाढा घातला. पुसले की दुसऱ्याला जागा होते, एवढे शहाणपण लाकडालाही येते.

गोवा राज्य झाल्याला दीड वर्ष होत आले होते, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीनंतर खनिजाचे ट्रक पुन्हा धावू लागले आणि खाणीवरची माणसे गावाहून परतली. त्यांत बेळगावकडचा केरबा होता. त्याने आपली नऊ वर्षांची अनुसया पहिल्यांदाच शाळेत आणली.

"बाई, एवढ्या सालापुरती घालतो," तो म्हणाला. "मे महिन्यात काम बंद पडंल, तवर हिला स्वतःचं नाव लिवता आलं तर फुडल्या दिवाळीला परत घालीन. न्हाई आलं तर धाकट्याला सांभाळंल. हिची आई एकटी कुठं कुठं पुरणार?"

"नाव काय, पत्र लिहील ती तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"पत्र वाचणार कोण?" केरबा म्हणाला, आणि तो नि बाई दोघेही हसले.

बाई माझ्या डाव्या कोपऱ्यात मोठे अक्षर काढीत आणि अनुसया त्यावरून बोट फिरवी. अक्षर पुसून जाई आणि तिचे बोट पांढरे होई. अशा रीतीने डिसेंबर सरता सरता तिचे 'अनु' झाले. 'सया' राहिले होते.

तेवढ्यात वरून कागद आला. नव्या शैक्षणिक वर्षाची उद्दिष्टे आणि प्राधान्यक्रम. नवे वर्ष जूनमध्येच सुरू झाले होते, कागद नाताळात पोचला. त्याचे कोणाला नवल वाटले नाही. कागदात म्हटले होते की उद्दिष्टे वर्षभर सर्वांना दिसतील अशी दर्शनी जागी लिहावीत. आदल्या साली गुरुजींनी ती माझ्यावर खडूने लिहिली होती. चार दिवसांत त्यांच्यावर लाल धूळ बसली आणि निरीक्षक साहेबांनी वहीत शेरा मारला, 'उद्दिष्टे अस्पष्ट.' बदलीचा अर्ज त्या शेऱ्याखाली अडकला होता.

यंदा गुरुजींनी बाबाजी पेंटरला बोलावले. हा खाणीच्या ट्रकांवर देवांची नावे रंगवी. डबा उघडून तो म्हणाला, "गुरुजी, हें मागीर पुसून वचचें ना हां."

"पुसून जाऊ नये म्हणूनच तर तुला बोलावलं रे."

"आनी भुरगीं खंय बरयतलीं?" मुले कुठे लिहिणार, असे तो विचारीत होता.

"भिंतीवर लिहायला गेलो तर पावसात चुना सुटतो. तू लिही."

बाबाजीने लिहिले. पांढऱ्या ऑइल पेंटने, पिवळी किनार काढून. एका कोपऱ्यात सवयीने कमळही काढले. सर्वांत वर उद्दिष्ट क्रमांक एक: 'शाळेतील एकही मूल लिहिता-वाचता आल्याशिवाय राहणार नाही.' खाली आणखी सहा होती. माझ्यावर बोटभर जागा उरली नाही. मित्रांनो, आयुष्यात मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो आणि इतका निकामीही.

त्यांतल्या दोन उद्दिष्टांसाठी तालुक्याला माणसे हवी होती. म्हणून जानेवारीत बाईंना सर्वेक्षणाला धाडले. लिहिता न येणारी मुले कोणकोणत्या घरात आहेत, ते मोजायला त्या शेजारच्या मुळगावपासून घरोघर फिरू लागल्या. चारी इयत्ता गुरुजींच्या गळ्यात पडल्या. ते थकत. खुर्चीत बसून सांगत, "समोरचं बघून उतरवा."

समोर मी होतो. अनुसयेने तीन महिने पाटीवर उद्दिष्ट क्रमांक एक उतरवले. रांगोळी काढावी तसे. कुठले अक्षर कुठले, ते तिला ठाऊक नव्हते. पण एक काना चुकत नसे.

एप्रिलमध्ये साहेब आले. मला पाहून खूश झाले. अनुसयेला म्हणाले, "काहीतरी लिहून दाखव बघू."

तिने लिहिले. साहेब पाटी हातात घेऊन पाहत राहिले.

"गुरुजी, पोरीनं उद्दिष्टच लिहिलंय की. आता आणखी काय विचारायचं?"

खरोखरच त्यांनी आणखी काही विचारले नाही. वहीत बरोबरची खूण झाली.

मेच्या पहिल्या आठवड्यात केरबा आला. बाई त्याच दिवशी सर्वेक्षणाचे कागद घेऊन परतल्या होत्या. अनुसयेने बापापुढे पाटी धरली. केरबाने ती सरळ धरली, उलटी धरली.

"बाई, माझं नाव मस्टरवर एवढंसं असतंय. हिचं एवढं लांब कसं झालं?"

बाईंनी पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिले. "यात हिचं नाव नाही, केरबा."

"अनु येतंय मला, बाबा," अनुसया म्हणाली.

"अर्धंच?"

"आठ दिवस द्या मला," बाई म्हणाल्या.

"उद्या सकाळची गाडी हाय." केरबाने पाटी बाईंच्या हातात दिली. तो रागावला नव्हता. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन गेला.

पुढच्या दिवाळीला केरबा आला, अनुसया आली नाही.

मित्रांनो, आजही मी तसाच उभा आहे. बाई मधूनमधून पत्र्याने मला खरवडतात, पण बाबाजीचा रंग पक्का आहे. तुमच्या शाळेत कोणी चांगले वाक्य रंगवू लागले तर एवढेच बघा, लिहायला कोपरा उरला आहे ना.

बाकी त्या सालचा जमाखर्च असा. साहेबांचा रकाना भरला. गुरुजींना पेडणे मिळाले. बाईंना सर्वेक्षणाची शाबासकी आली. मला पिवळी किनार मिळाली. आणि या सगळ्याची किंमत अनुसयेने दिली, अर्ध्या नावाने.